मणक्यातला कॅन्सर : तीन डॉक्टर, तीन सल्ले आणि उलटसुलट बोलणारे दोन अभ्यास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईचं वय ५८, सहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरवर पूर्ण उपचार झाले, गाठ हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या जोरावर वाढणारी, होती. गेले दोन महिने पाठ दुखते आहे. एमआरआयमध्ये डी१२, म्हणजे पाठीचा शेवटचा, बारावा मणका सुमारे ४० टक्के खचलेला दिसतो आणि आणखी दोन मणक्यांत लहान डाग आहेत. पायांत ताकद नीट आहे. एक डॉक्टर पाच दिवसांचं साधं रेडिएशन सांगतात, दुसरे दोन सिटिंगचं एसबीआरटी, म्हणजे मोठा डोस नेमक्या जागी देणारं रेडिएशन, तिसरे म्हणतात आधी सिमेंट भरा नाहीतर स्क्रू घाला. तुम्ही शोधलं तर एक मोठा अभ्यास एसबीआरटी सरस म्हणतो आणि दुसरा नेमकं उलट. त्यातच साध्या रेडिएशनची एसबीआरटीशी तुलना करणाऱ्या एका संशोधनात भाग घ्याल का, अशी विचारणा झाली आहे. आणि तुमची शंका अशी की हा आईवर प्रयोग तर नाही?

तिघांपैकी कुणीच चुकीचं बोलत नाही. प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो आहे, एवढंच. म्हणून 'कुठलं रेडिएशन' हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. आधी हे ठरायला हवं की दुखतं आहे ते गाठीमुळे, की गाठीने पोखरलेलं हाड भार घेताना हलतं म्हणून. कुठला अभ्यास तुमच्या आईला लागू पडतो, तेही त्यावरच ठरतं. मी फिल्म पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे पुढचं सगळं तुम्ही लिहिलेल्या माहितीवर आहे. रिपोर्टमधल्या एका ओळीने त्यातलं बरंच बदलू शकतं.

त्याआधी एक निकडीची गोष्ट. पाय जड वाटणं, चालताना तोल जाणं, बेंबीच्या खाली किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, यातलं एकही लक्षण दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी इमर्जन्सीत जा आणि 'कॅन्सर मणक्यात आहे, मज्जारज्जू दाबला जात असेल' हे स्पष्ट शब्दांत सांगा. तिथे पूर्ण पाठीच्या कण्याचा एमआरआय २४ तासांच्या आत व्हायला हवा. नुसत्या दुखऱ्या भागाचा करून चालत नाही, कारण दाब एकाहून जास्त ठिकाणी असू शकतो. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड बहुधा दिवसाला १६ मिलिग्रॅमच्या आसपास सुरू करतात, पण ते डॉक्टरांनी सुरू करायचं. घरी आधीच देऊन ठेवू नका. साखर वाढते, पोटाला त्रास होतो, आणि गाठ लिम्फोमाची (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरची) निघाली तर स्टिरॉइडने बायोप्सीचा निकालच धूसर होतो.

आता दुखण्याकडे येऊ. गाठीचं दुखणं सतत ठणकतं, रात्री आणि पहाटे वाढतं, हालचालीशी त्याचा फारसा संबंध नसतो, स्टिरॉइडने बरंच उतरतं. हाड हलण्याचं दुखणं याच्या उलट: उठताना, कूस बदलताना, उभं राहिल्यावर कळ येते आणि आडवं पडलं की काही मिनिटांत शमते. तुम्ही लिहिलं आहे, 'बिछान्यातून उठताना ती ओरडते, एकदा पडली की बरं वाटतं'. तुमच्या अख्ख्या प्रश्नात माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे, आणि कदाचित तीनपैकी दोन डॉक्टरांना ते सांगायचं राहून गेलं असेल. रेडिएशन गाठीच्या पेशी मारतं. खचलेल्या मणक्याला ते टेकू देत नाही. हाड पुन्हा भरून यायला काही महिने लागतात, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत ते उलट थोडं आणखी कमकुवत होऊ शकतं.

मणका किती डळमळीत आहे हे अंदाजपंचे सांगायचं नसतं. त्यासाठी २०१० मध्ये ठरलेला 'सिन्स' नावाचा स्कोअर आहे. सहा बाबींचे गुण, एकूण १८. तुमच्या माहितीवरून मांडून बघू. जागा: डी११ ते एल१ (कमरेचा पहिला मणका) हा सांध्याचा भाग, कारण बरगड्यांनी जखडलेली पाठ इथे मोकळ्या कमरेला मिळते, त्याचे ३. दुखणं हालचालीशी बांधलेलं, आणखी ३. डाग हाड पोखरणारा म्हणजे लायटिक, २. कण्याची रेषा सरळ असेल तर ०. मणका खचला आहे पण ५० टक्क्यांच्या आत, २. मागच्या बाजूचे भाग, म्हणजे पेडिकल आणि फॅसेट, एका बाजूने बाधित असतील तर १. बेरीज ११. सहापर्यंत स्थिर, ७ ते १२ डळमळीत होण्याची शक्यता, १३ पासून पुढे अस्थिर. म्हणजे आई मधल्या गटाच्या वरच्या टोकाला आहे. मागचे भाग दोन्ही बाजूंनी गेलेले असतील तर १ चे ३ होतात आणि बेरीज १३ वर जाते. रेषेत नवा बाक आला असेल तरी २ वाढतात. रिपोर्टमध्ये या दोन बाबी बहुतेक वेळा लिहिलेल्याच नसतात. त्या एमआरआयपेक्षा सीटीवर जास्त स्वच्छ दिसतात, म्हणून डी१२ चा सीटी झाला नसेल तर करून घ्या आणि 'सिन्स किती?' हे थेट विचारा. सात किंवा त्याहून जास्त असेल तर रेडिएशन सुरू होण्याआधी स्पाइन सर्जनने बघायला हवं, हा सर्वमान्य नियम आहे. तिसरे डॉक्टर तेच म्हणत आहेत.

सर्जनने बघणं म्हणजे मोठं ऑपरेशनच, असं नाही. मागची भिंत शाबूत असेल तर मणक्यात सुईने सिमेंट भरता येतं, आधी फुगा फुगवून किंवा थेट. याला आधार देणारा चांगला अभ्यास २०११ चा आहे. कॅन्सरमुळे मणके खचलेल्या १३४ रुग्णांपैकी निम्म्यांना फुग्याची पद्धत दिली, निम्म्यांना शस्त्रक्रियेविना उपचार. पाठीच्या त्रासामुळे रोजची कामं किती अडतात हे मोजणारा २४ गुणांचा तक्ता वापरला. महिन्याभरात सिमेंटच्या गटाचे गुण १७.६ वरून ९.१ वर आले, दुसऱ्या गटाचे १८.२ वरून १८.० वर, म्हणजे जागच्या जागी. सिमेंटचा धोका गळतीचा. मागची भिंत फुटलेली असेल तर ते मज्जारज्जूच्या पोकळीत सरकू शकतं, शिरेत शिरलं तर फुप्फुसापर्यंत जाऊ शकतं. म्हणून ते घट्ट होत आल्यावर, थोडंथोडं, सतत एक्स-रेवर बघत भरतात. सिन्स १३ किंवा जास्त असेल किंवा मागचे भाग गेलेले असतील तर नुसतं सिमेंट पुरत नाही. तिथे वरच्या-खालच्या मणक्यांत स्क्रू आणि रॉड लागतात, आजकाल बऱ्याचदा छोट्या छेदांतून.

याच टप्प्यावर बायोप्सीचं विचारा, कारण सिमेंटची सुई ज्या वाटेने जाते त्याच वाटेने तुकडा काढता येतो. मूळ गाठ हार्मोन पॉझिटिव्ह होती म्हणजे सहा वर्षांनी मणक्यातली तशीच असेल याची खात्री नसते. हार्मोन आणि हर२ (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) यांचे निकाल बदललेले आढळतात आणि पुढचं औषध त्यावर ठरतं. रेडिएशन झाल्यावर त्याच जागचा तुकडा घेतला तर निदान कठीण होऊन बसतं.

एवढं कळलं की ते दोन अभ्यास वाचणं सोपं जातं.

पहिला एससी २४, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या रुग्णालयांतला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला. २२९ रुग्ण. एका गटाला एसबीआरटी, दोन सिटिंगमध्ये २४ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप). दुसऱ्याला साधं रेडिएशन, पाच सिटिंगमध्ये २० ग्रे. तीन महिन्यांनी दुखणं पूर्ण थांबलेले एसबीआरटी गटात १०० पैकी ३५, साध्या गटात १४. दुसरा आरटीओजी ०६३१, अमेरिकेतला, २०२३ मध्ये प्रसिद्ध, सुमारे ३४० रुग्णांचा. तिथे एकाच सिटिंगचं नेमकं रेडिएशन, १६ किंवा १८ ग्रे, विरुद्ध एकाच सिटिंगचं साधं ८ ग्रे. तीन महिन्यांनी दुखण्यात फरक पडलेले नेमक्या रेडिएशनच्या गटात सुमारे ४१ टक्के, साध्यात सुमारे ६०. नवं तंत्र हरलंच म्हणायचं.

पण मोजपट्टी बघा. पहिल्या अभ्यासात 'पूर्ण' आराम मोजला: दुखणं शून्य, आणि वेदनाशामक वाढवलेलं नाही. दुसऱ्यात दहाच्या पट्टीवर किमान तीन गुणांची उतार मोजली. डोस वेगळा, सिटिंग वेगळ्या, समोरचा साधा गटही वेगळा. शिवाय दोन्हीकडे आपल्याला कोणतं रेडिएशन मिळतं आहे हे रुग्णाला माहीत होतं, आणि दुखणं तर रुग्णच सांगणार. त्यामुळे अपेक्षेचा थोडाफार रंग दोन्ही निकालांवर असणारच. माझं वाचन असं: दोन सिटिंगच्या २४ ग्रेला दुखण्यासाठी बरा पुरावा आहे, एका सिटिंगच्या १६-१८ ग्रेला नाही. 'एसबीआरटी चांगलं की वाईट' असं सरसकट विचारण्यात अर्थ नाही. आणि पहिल्या अभ्यासातही १०० पैकी ६५ जणांचं दुखणं पूर्ण थांबलं नव्हतं, हे विसरू नका.

आता निकालाआधी वाचायची ओळ, म्हणजे प्रवेशाच्या अटी. एससी २४ मध्ये सिन्स १२ पर्यंतचेच रुग्ण घेतले होते आणि मज्जारज्जू दाबल्याची लक्षणं असलेले वगळले होते. म्हणजे आई ११ वर असेल तर दारातून आत येते, १३ वर असेल तर ३५ विरुद्ध १४ हे आकडे तिच्यासाठी नाहीतच. मी कुठलाही पेपर हातात घेतला की आधी हेच बघतो: समोरच्या रुग्णाला या अभ्यासात घेतलं असतं का? नसतं, तर निकाल कितीही झळाळता असो, तो शेजाऱ्याच्या चष्म्यासारखा. काच उत्तम, पण नंबर आपला नाही.

एसबीआरटी ठरलंच तर त्यात काय असतं हे माहीत असू द्या. प्लॅनिंगच्या सीटीवर बारीक कापांचा एमआरआय जुळवून बसवतात आणि त्यावर मज्जारज्जूची कड आखतात. भोवती दीड-दोन मिलिमीटरची राखीव पट्टी ठेवतात. मणक्याला २४ ग्रे द्यायचे आणि दोन सिटिंग मिळून त्या पट्टीवर १७ ग्रेची मर्यादा पाळायची. म्हणजे काही मिलिमीटरच्या अंतरात डोस कड्यावरून उतरल्यासारखा खाली आणायचा असतो. शरीर दोन मिलिमीटर सरकलं तर गणित बिघडतं. म्हणून रुग्णाला साच्याच्या गादीत झोपवतात आणि मशीनवरच्या सीटीने जागा पुन्हापुन्हा तपासतात. अर्धा ते एक तास हलता येत नाही. ज्या बाईला उताणं पडताना आणि उठताना कळ येते तिला आधी वेदनाशामक न देता टेबलावर घेतलं तर सिटिंग अर्ध्यावर थांबण्याचीच शक्यता जास्त. निघण्याआधी अर्धा तास गोळी, हे लिहून घ्या.

एसबीआरटीचा खास दुष्परिणाम म्हणजे मणका मोडणं. एका सिटिंगचा डोस जितका मोठा तितका धोका जास्त. २५२ रुग्णांच्या ४१० मणक्यांच्या २०१३ मधल्या पाहणीत दर सिटिंगला २४ ग्रे किंवा जास्त दिलेल्यांत ३९ टक्के, २० ते २३ ग्रेला २३ टक्के आणि १९ च्या आत १० टक्के मणके मोडले. दोन सिटिंगच्या पद्धतीत दर वेळी १२ ग्रे येतात, म्हणून ती सौम्य. पण लायटिक डाग आणि आधीच खचलेला मणका हे स्वतःच धोक्याचे मुद्दे आहेत आणि आईच्या बाबतीत दोन्ही आहेत. आधी टेकू, मग एसबीआरटी, हा क्रम सुचवण्यामागचं कारण हेच.

ऑपरेशनबद्दल वाचताना २००५ चा एक प्रसिद्ध अभ्यास तुमच्या समोर आला असेल: मज्जारज्जू दाबलेले १०१ रुग्ण, ऑपरेशन आणि रेडिएशन विरुद्ध नुसतं रेडिएशन. उपचारांनंतर चालू शकणारे ८४ टक्के विरुद्ध ५७, आणि गटातल्या मधल्या रुग्णाचं चालणं टिकलं ते १२२ दिवस विरुद्ध १३ दिवस. फरक एवढा मोठा की अभ्यास मध्येच थांबवला. पण इथेही अटी कडक होत्या: दाब एकाच ठिकाणी, पाय पूर्ण गेल्याला ४८ तासांपेक्षा जास्त झालेले नाहीत, किमान तीन महिने जगण्याची अपेक्षा, आणि लिम्फोमा-मायलोमासारख्या रेडिएशनला झटकन वितळणाऱ्या गाठी वगळलेल्या. पुढच्या विश्लेषणात ६५ च्या पुढच्या रुग्णांत हा फायदा दिसेनासा झाला. आईच्या पायांत ताकद आहे, म्हणून आज हा अभ्यास तिचा नाही. उद्या दाब आला तर मात्र तो सगळ्यात आधी काढून वाचावा लागेल.

दुसऱ्या टोकाला २०१९ चा स्कोरॅड नावाचा अभ्यास. मज्जारज्जूवर दाब असलेले ६८६ रुग्ण, एकाच सिटिंगचे ८ ग्रे विरुद्ध पाच सिटिंगचे २० ग्रे. आठ आठवड्यांनी चालू शकणारे ६९.३ आणि ७२.७ टक्के. आकडे जवळपास सारखे, तरी आधी ठरवलेल्या निकषावर 'एक सिटिंग पाचपेक्षा कमी परिणामकारक नाही' हे थोडक्यासाठी सिद्ध झालं नाही. मला यातला खरा आकडा वेगळाच वाटतो: आठ आठवड्यांच्या तपासणीआधीच २५५ रुग्ण दगावले होते आणि मुख्य निकाल ३४२ जणांवर काढावा लागला. इतक्या आजारी माणसाला पाचऐवजी एकदाच टेबलावर चढवणं हीच बऱ्याचदा दया असते. ज्या बाईपुढे हार्मोनवरची आणि नवी लक्ष्यित औषधं आहेत आणि ज्यांच्यावर आजार वर्षानुवर्षं आटोक्यात राहू शकतो, तिचा हिशोब निराळा. तिच्या मणक्याला बरीच वर्षं टिकायचं आहे.

त्या दोन लहान डागांचं काय? न दुखणाऱ्या पण धोक्याच्या जागच्या डागांना आधीच रेडिएशन द्यावं का, यावर ७८ रुग्णांचा दुसऱ्या टप्प्याचा एक अभ्यास झाला आहे. वर्षभरात रेडिएशन दिलेल्या ६२ डागांपैकी एकाच ठिकाणी हाड मोडणं, मज्जारज्जू दाबणं अशी काही अडचण आली, न दिलेल्या ४९ पैकी १४ ठिकाणी. आशादायक आहे, पण अभ्यास लहान. डाग कुठल्या मणक्यात आहेत ते बघून रेडिएशनवाल्या डॉक्टरांना विचारा. सांध्याच्या जागी किंवा मागच्या भागात असतील तर विचारण्यात अर्थ आहे.

आता 'आईवर प्रयोग' या शंकेबद्दल. तिसऱ्या टप्प्याच्या अशा संशोधनात दोन्ही गटांना आधीच वापरात असलेले उपचार मिळतात. कुठला मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, डॉक्टरांच्या आवडीने नाही. पहिल्या टप्प्यातल्या नव्या औषधाच्या चाचणीशी त्याची गल्लत करू नका. माझी हरकत एकच आहे. सिन्स न काढता, सर्जनला न दाखवता नाव नोंदवलं तर आई 'साधं की नेमकं' या चिठ्ठीत जाईल आणि तिच्या दुखण्याचं कारण दोन्ही चिठ्ठ्यांच्या बाहेर राहील. संमतीपत्र घरी आणा आणि हे विचारा: प्रवेशाला सिन्सची वरची मर्यादा किती आहे? आधी सिमेंट भरलं तर ती पात्र राहते का? साध्या गटात गेली आणि दुखणं थांबलं नाही तर पुढे एसबीआरटी देणार का? जादा एमआरआय किती आणि त्याचा खर्च कुणाचा? उपचारांमुळे मणका मोडला तर ते दुरुस्त करणं कुणाच्या जबाबदारीवर? मधून बाहेर पडलं तरी नेहमीचे उपचार चालू राहतात, हे त्या कागदावर लिहिलेलं असायलाच हवं. एसबीआरटीनंतर पहिलं वर्ष-दीड वर्ष दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय करतातच. संशोधनात तो वेळेवर होतो आणि नीट वाचला जातो, हा भाग घेण्याचा खरा फायदा.

तुमच्या जागी मी क्रम असा लावेन: डी१२ चा सीटी आणि सिन्स, सर्जनची भेट, टेकू आणि त्याच वेळी बायोप्सी, मग रेडिएशन कुठलं त्याचा निर्णय, आणि पात्र असेल तर तेव्हा संशोधन. सुईने सिमेंट भरलं तर रेडिएशन लवकर देता येतं. उघडं ऑपरेशन झालं तर जखम भरायला साधारण दोन ते चार आठवडे द्यावे लागतात. उलट क्रमाने, म्हणजे आधी रेडिएशन आणि लगेच त्याच जागी चिरा, असं झालं तर जखम चिघळण्याचा धोका वाढतो.

रेडिएशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत दुखणं उलट वाढू शकतं. उपचार फसले असं समजून घाबरू नका. २९८ रुग्णांच्या एका अभ्यासात ८ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिल्याने ही उसळी ३५ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आली, म्हणून ते द्यायचं का हे आधीच ठरवून ठेवा. आणि हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब सुरू होणारच, तर त्याआधी दंतवैद्याकडे जाऊन या. किडलेला दात काढायचा असेल तर तो आत्ताच काढा. इंजेक्शनं सुरू झाल्यावर दात काढला तर जबड्याचं हाड उघडं पडून महिनोन्महिने न भरणारी जखम होऊ शकते. झोलेड्रॉनिक ॲसिड दर चारऐवजी दर बारा आठवड्यांनी दिलं तरी हाडांच्या अडचणी वाढत नाहीत, हे १,८२२ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं आहे. चकरा कमी करायच्या असतील तर तेही विचारून बघा.

सीटीचा रिपोर्ट आला की त्यातली पेडिकल आणि मागच्या भिंतीबद्दलची ओळ जशीच्या तशी इथे टाका. सिमेंट पुरेल की स्क्रू लागतील, याचा अंदाज त्यावरून बांधता येईल.